निर्वासित आणि आपला उंबरठा

आपल्या वस्तीत एखादे अनोळखी कुटुंब खोली मागण्यास आले, म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोठले?" हा. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो. तो कोणता, हे तुम्हांस आम्ही सांगावयास नको. शहरात खोली शोधताना आपल्यापैकी पुष्कळांनी आडनाव सांगितले, आणि क्षणापूर्वी रिकामी असलेली खोली "कालच दिली" असे उत्तर ऐकले. आज आपल्यातील काही कुटुंबे स्वतः घरमालक झाली आहेत. तोच प्रश्न आता आपल्या तोंडून निघावा काय, याचा विचार आपण करावयास हवा.

त्यासाठी एका लोकसमूहाची हकीगत तुमच्यापुढे ठेवतो. चितगावच्या डोंगराळ प्रदेशातील चकमा हे पिढ्यान् पिढ्यांचे बौद्ध. पाकिस्तान सरकारने कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण बांधले. १९६२ साली ते पुरे झाले, आणि सुमारे ५४ हजार एकर लागवडीची जमीन पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख माणसे उठविली गेली. धरणाने उठविलेल्या माणसास निर्वासित म्हणावे की विस्थापित, हा वकिलांचा वाद आहे. बुडालेल्या घराचे त्यात काहीच भले होत नाही. उपजीविका गेलेले आणि धर्मामुळे छळले जाणारे चकमा, तसेच मैमनसिंगकडील हाजोंग, १९६४ पासून भारतात आले. त्यांपैकी सुमारे पंधरा हजार माणसांना १९६४ ते १९६९ या काळात भारत सरकारने तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसविले. ती जागा त्यांनी मागितली नव्हती, ती सरकारने नेमून दिली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांच्यावर आळ आला तो घुसखोरीचा.

१९९४-९५ मध्ये त्यांच्याविरुद्ध चळवळ भडकली. ३० सप्टेंबर १९९५ च्या आत राज्य सोडा, अशी तंबी त्यांना देण्यात आली. नागरिकत्वासाठी त्यांनी केलेले अर्ज जिल्हा कचेऱ्यांतून केंद्राकडे पाठविलेच जात नव्हते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अर्जाचा निर्णय लागेपर्यंत कोणासही घरातून हुसकावता येणार नाही. अर्ज पुढे पाठविलेच पाहिजेत, असे न्यायालयाने बजाविले.

हा निकाल कशावर उभा आहे, ते पाहा. आपल्या संविधानात काही हक्क 'नागरिकां'चे आहेत. देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा एकोणिसाव्या अनुच्छेदातील हक्क तसा आहे, आणि तो परकीयास मिळत नाही, हेही न्यायालयाने चकमांच्याच आधीच्या एका खटल्यात सांगितले होते. परंतु चौदावा अनुच्छेद आणि एकविसावा अनुच्छेद 'व्यक्ती'विषयी बोलतात. कायद्यापुढील समानता आणि जीविताचे रक्षण यांसाठी माणूस असणे पुरे आहे. आणखी एक गोष्ट. सतराव्या अनुच्छेदात, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली, तेथे ना 'नागरिक' हा शब्द आहे, ना 'व्यक्ती' हा. तेथे कोणाची अस्पृश्यता, असे विचारण्याची सोयच ठेविलेली नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागरिकत्वाची कलमे १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीपुढे मांडताना म्हणाले होते की, या कलमाइतका त्रास समितीला क्वचितच कशाने दिला असेल. फाळणीने उखडलेली लाखो माणसे तेव्हा डोळ्यांपुढे होती.

कोणी म्हणेल, तेथील आदिवासींच्या भीतीचे काय? ती भीती खोटी नाही. लहान लोकसंख्येच्या जमाती, जमीन आणि जंगल हेच त्यांचे सर्वस्व, आणि १८७३ च्या नियमनापासून चालत आलेली अंतर्गत सीमारेषा हे त्यांचे कवच. आमच्या मते चूक तेथील जमातींची नाही आणि चकमांचीही नाही. साऱ्या राष्ट्राने करावयाचे आतिथ्य एका कोपऱ्यावर टाकले गेले, आणि बाकीचा देश विसरून गेला. आपणही विसरलो. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत पुरे करण्यास सांगितले. ती मुदत उलटून वर्षे लोटली, प्रश्न सुटलेला नाही. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात बांगलादेशातून आलेल्या बौद्धांचे नाव आहे, पण अंतर्गत सीमारेषेच्या आतील प्रदेश त्यातून वगळलेला आहे. शिवाय धर्माचे नाव पाहून दार उघडणाऱ्या यादीत आपले नाव आले, एवढ्यावर आपण संतुष्ट व्हावे काय? जन्म पाहून दार लावणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो आहोत. छळातून पळून आलेला माणूस यादीबाहेरच्या धर्माचा असला, तर त्याची तहान कमी होत नाही.

आता आपल्या जवळ या. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या परिसरात, १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. विदर्भातील आपल्या किती कुटुंबांनी तेथे पाऊल टाकले? हिवाळ्यात त्यांच्याकडून स्वेटर घ्यावयाचा, भाव पाडावयाचा, आणि ते बौद्ध आहेत हे कौतुकाने एकमेकांस सांगावयाचे, यापुढे आपला संबंध जात नाही. त्यांना आपल्या विहारात बोलवावे, पौर्णिमेस आपण त्यांच्याकडे जावे, यास पैसा लागत नाही.

आणि जो देशांतरही करीत नाही, केवळ पोटासाठी बिहारहून किंवा मराठवाड्यातून तुमच्या वस्तीच्या कडेला पाल ठोकतो, त्याच्याविषयी काय? त्यातील पुष्कळजण आपल्यासारखेच गावकुसाबाहेरून आलेले आहेत. ते नागरिक आहेत, त्यांचे सारे हक्क कागदावर पूर्ण आहेत. अडते ते शेजाऱ्यापाशी आणि शाळेच्या दारापाशी. म्हणून आमची विनंती एका ठरावीक गोष्टीची आहे. वस्तीच्या कडेच्या पालांत सहा ते चौदा वर्षांचे मूल शाळेबाहेर दिसले, तर तुमच्यातील शिकलेल्या एकाने त्याच्या आईबापांबरोबर शाळेत जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते की, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ सांगते की, मुदत टळली म्हणूनही नाकारता येत नाही. आणि कलम ४ प्रमाणे त्यास वयाला साजेशा वर्गात बसवावयाचे असते. मुख्याध्यापकांनी नकार दिला, तर तो लेखी मागावा. लेखी नकार देण्यास सहसा कोणी धजत नाही, असा आमचा कचेरीतील अनुभव आहे. आणि दिलाच, तर तो कागद घेऊन त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे.