दुकानाचं कपाट आणि लेखकाचा खिसा

पुस्तक छापून येतं, प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं आणि महिन्याभरात लेखकाची ठरलेली तक्रार सुरू होते : पुस्तक दुकानात मिळत नाही. दोष बहुधा विक्रेत्याच्या माथी जातो. त्याला साहित्याची जाण नाही, तो गाईड आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकण्यात दंग आहे, नामवंतांखेरीज कुणाला समोर मांडत नाही, वगैरे. यात थोडं तथ्य आहेच. तालुक्याच्या गावी ‘बुक डेपो’ म्हणजे वह्या, दप्तरं आणि जूनची गर्दी. पण नवं पुस्तक कपाटात जाणार की नाही, याचा निकाल विक्रेत्याच्या दारात लागतच नाही. छपाईचे पैसे कुणी घालायचे हे जिथे ठरतं, त्या बैठकीतच तो लागून गेलेला असतो.

आधी दुकानदाराचं गणित पाहू. पुण्यातला अप्पा बळवंत चौक असो की दादर, दुकानाची जागा फुटावर मोजली जाते. समजा, दोनशे रुपयांच्या पुस्तकावर त्याला तेहेतीस टक्के कमिशन मिळालं, तर सहासष्ट रुपये झाले. गिऱ्हाईक दहा टक्के सूट मागतंच. उरले सेहेचाळीस. त्यात भाडं, पगार, वीज. आता एक लेखक पिशवीत पाच प्रती घेऊन येतो आणि जांगडने ठेवून घ्या म्हणतो, विकल्या तर पैसे द्या, नाहीतर परत करा. लेखकाला वाटतं, यात दुकानदाराचं काय जातं? जातं ते कारकुनीत. त्या पाच प्रतींसाठी वेगळं चलन, वेगळं खातं, सहा महिन्यांनी लेखकाचा फोन, मग दोन प्रतींचा हिशेब आणि तीन प्रतींची शोधाशोध. मोठ्या प्रकाशकाच्या शंभर पुस्तकांना मिळून एक खातं लागतं, एकट्या लेखकाच्या एका पुस्तकालाही एकच. शिवाय कपाटात पुस्तक उभं राहतं ते कण्यावर. चौसष्ट पानी, पिना मारलेल्या कवितासंग्रहाला कणाच नसतो, तो दोन जाड कादंबऱ्यांच्या मधे गेला की विक्रेत्यालाही सापडत नाही. मुखपृष्ठावर खर्च करणाऱ्या किती जणांनी याचा विचार केलेला असतो?

म्हणजे विक्रेत्याला हवी असते पुस्तकांमागे उभी असलेली यंत्रणा : नियमित भरणा करणारी, परतीचा माल निमूट उचलणारी, वर्षाचा हिशेब एकदम मिटवणारी. ती प्रकाशकाकडे असते. पण प्रकाशकाने ती एखाद्या पुस्तकासाठी कधी चालवावी? त्याचा पैसा त्या पुस्तकात अडकला असेल तेव्हा. पाचशे प्रतींचा कागद, छपाई, बांधणी त्याच्या खिशातून गेली असेल, तर गोदामातला प्रत्येक गठ्ठा त्याला टोचत राहतो आणि तो विक्रेत्याला चार फोन करतो. उलट छपाईचा खर्च लेखकाने आधीच मोजला असेल, किंवा तीनशे प्रती स्वतः विकत घेण्याचं कबूल केलं असेल, तर प्रकाशकाचा नफा पुस्तक बांधून होण्याआधीच झाला. पुढे वितरणावर घातलेला प्रत्येक रुपया त्या नफ्यातून जाणार. यात लबाडी असतेच असं नाही, व्यवहारच तसा आखलेला आहे. प्रकाशकाला दुसरी वाट असते ती सार्वजनिक ग्रंथालयांची. १९६७च्या कायद्यामुळे राज्यात ग्रंथालयांचं मोठं जाळं उभं राहिलं, ते उत्तमच झालं. पण तिकडच्या खरेदीत थेट नंबर लागला, तर दुकानाची पायरी चढण्याची गरज आणखी कमी होते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मराठीतच आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, दोन्ही ग्रंथालीकडून. दलित आणि भटक्यांच्या जगण्याचा विषय असा, की त्या वेळच्या एखाद्या विक्रेत्याने ती आपणहून दर्शनी ठेवली असती याची खात्री कुणी दिली नसती. पण दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ग्रंथाली स्वतःला वाचक चळवळ म्हणवत होती आणि ते नाव शोभेचं नव्हतं. सभासद वाचक, गावोगावचे कार्यकर्ते, पुढे ग्रंथयात्रा : छापणं आणि पोहोचवणं ही तिथे एकाच संस्थेची जबाबदारी होती. पुस्तकांचा बोलबाला झाला, गिऱ्हाईक नाव घेऊन मागू लागलं, की कपाटात जागा आपोआप होते. पुस्तकांची ताकद त्यात होतीच, पण ताकदीच्या पुस्तकालाही कुणीतरी उचलून न्यावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आता कपाट हवंच कशाला, बुकगंगा आहे, ॲमेझॉन आहे. खरं आहे, सांगली किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी वाचकाला त्यांचा मोठा आधार आहे. पण तिथे शोधाच्या चौकटीत नाव लिहावं लागतं आणि नव्या लेखकाकडे नेमकं तेच नसतं. भलतंच पुस्तक घ्यायला आलेल्या माणसाचा हात आपल्या पुस्तकावर पडावा, हे काम अजून दुकानच बरं करतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेखकाच्या पैशाला नावं ठेवली तर कविता छापणार कोण? साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं पदरमोडीवरच निघाली. अरुण कोलटकरांचं इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये क्लिअरिंग हाऊसने काढलं, ती तर कवींनीच मिळून उभी केलेली संस्था. हा इतिहास मान्यच आहे. फरक इतकाच, की आपण स्वतः प्रकाशक झालो आहोत, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. आजचा लेखक पैसे प्रकाशकासारखे घालतो आणि अपेक्षा लेखकाच्या ठेवतो.

म्हणून स्वतः खर्च करणाऱ्याने तो उघडपणे करावा. आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो, छपाई आता शंभर-दोनशे प्रतींचीही होते. महाराष्ट्रभर पुस्तक असण्याचा हट्ट सोडून, विषयाचा वाचक जिथे आहे अशी चार-पाच दुकानं निवडावीत. वऱ्हाडातल्या शेतीवरचं पुस्तक आधी अकोल्यात दिसू दे, दादरला नंतर. जांगडने वीस प्रती ठेवण्यापेक्षा कमिशन चढवून पाच प्रती रोखीने द्याव्यात, स्वतःचे पैसे गुंतले की दुकानदारही त्या विसरत नाही. टपालखात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं तेव्हा अशा लहान पाठवणीची कोंडी झाली होती. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं, त्यात पाच किलोपर्यंतचा गठ्ठा शंभर रुपये अधिक करात जातो.

आणि प्रकाशकाकडे जायचं असेल, तर मानधनाच्या टक्केवारीवर घासाघीस करण्याआधी तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात : पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या दुकानांत किती प्रती जातील, विक्री आणि परतीचा हिशेब दर सहा महिन्यांनी मिळेल, आणि पहिलं वर्षभर प्रकाशकाच्या स्वतःच्या प्रदर्शनात दुकानापेक्षा जास्त सूट दिली जाणार नाही. तिसरी अट ऐकून प्रकाशक हसेल. पण जे पुस्तक समोरच्या मंडपात निम्म्या किमतीत मिळतं, ते विक्रेत्याने का भरावं? लहान दुकानं टिकावीत म्हणून फ्रान्सने १९८१च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरची सूट पाच टक्क्यांवर रोखली. आपल्याकडे तसा कायदा लगेच होईल असं नाही, करारातलं एक वाक्य मात्र आजही टाकता येतं. ज्या प्रकाशकाचे स्वतःचे पैसे पुस्तकात आहेत, तो या अटींवर निदान वाद तरी घालील. नुसताच हसून पुढचा विषय काढणाऱ्याला, छपाईचा खर्च कोण करणार आहे, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.