शिस्तीचा ठेका नेमका कुठे चुकतो?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दोन दिवस शाळेच्या बँडपथकाचे. ध्वजारोहण होते, संचलन होते, प्रमुख पाहुणे बँडचे तोंडभरून कौतुक करतात आणि निघून जातात. त्या कौतुकामागे उभ्या असलेल्या बँडशिक्षकाची चिंता मात्र कोणी विचारत नाही. हजेरीपटावर तीस नावे असावीत आणि मैदानावर अठराच मुले यावीत, हा त्याचा नित्याचा अनुभव. एकाची शिकवणी, दुसरीची चाचणी, तिसऱ्याच्या घरी कार्य. जी मुले येतात, त्यांपैकी निम्म्यांचा सराव घरी झालेला नसतो. मग 'हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत, गणवेश आणि छायाचित्र तेवढे हवे' असा निष्कर्ष शिक्षककक्षात सहज निघतो. चिंता खरी आहे. निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

बँड मुलांकडून नेमके काय मागतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. वर्गात एक विद्यार्थी गैरहजर राहिला, तर नुकसान बहुतांशी त्याचे एकट्याचे होते. बँडमध्ये बडा ढोल वाजवणारा एक मुलगा आला नाही, की साऱ्या पथकाची पावले चुकतात. जलद चालीतील संचलनात मिनिटाला १२० पावले पडतात. त्या गतीत अर्ध्या क्षणाची ढिलाईही कानाला आणि डोळ्याला एकाच वेळी जाणवते. राष्ट्रगीताचे पूर्ण वादन सुमारे ५२ सेकंदांचे. बँडवर ते वाजण्यापूर्वी श्रोत्यांना सूचना म्हणून ड्रमचा घोष करण्याचा संकेत आहे. संथ चालीतील सात पावलांइतका हा घोष हळू सुरू होतो, चढत जातो, पुन्हा मंद होतो. मग एका ठोक्याची विश्रांती आणि त्यानंतर राष्ट्रगीत. तो एक ठोका सर्वांनी मिळून गप्प राहण्याचा आहे. वाजवणे एकट्याने शिकता येते; एकत्र थांबणे एकत्र सरावाशिवाय येत नाही. शिस्त या शब्दाचा अर्थ बँडमध्ये इतका साधा आणि इतका कठोर आहे.

आजची मुले याला तयार नाहीत काय? पुण्यात गणेशोत्सवापूर्वी दीड-दोन महिने नदीकाठी फेरफटका मारणाऱ्याला याचे उत्तर मिळते. ढोल-ताशा पथकांच्या सरावाला शेकडो तरुण-तरुणी नोकरी, महाविद्यालय सांभाळून रोज संध्याकाळी येतात. हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, तरी खाडा होत नाही. या पथकांच्या आवाजाबद्दल आणि वाढत्या संख्येबद्दल आक्षेप असू शकतात. निष्ठेबद्दल शंका घेता येत नाही. विशेष म्हणजे ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे प्रशाला अशा शाळांच्या पथकांनीच ही परंपरा पुण्यात रुजवली. शाळेने पेरलेले शाळेबाहेर फोफावले आणि शाळेच्या मैदानावर मात्र हजेरीसाठी विनवण्या कराव्या लागतात. हे असे का व्हावे?

कारण उघड आहे. पथकात मुलाला ठाऊक असते की आपली जागा आपलीच आहे, ती आपण भरली नाही तर ती रिकामी दिसेल. शाळेत त्याला नेमके उलट शिकवले जाते. परीक्षा जवळ आली की बँडचा तास प्रथम रद्द होतो. पाहुणे येणार असले की तोच बँड दोन दिवसांत उभा करण्याचा हुकूम सुटतो. दहावी लागताच पालक मुलाचे नाव काढून घेतात आणि मुख्याध्यापक मान डोलावतात. मोठ्यांनी ज्या कामाला शोभेची वस्तू मानले, त्याला मुलांनी व्रत मानावे ही अपेक्षा अन्यायाची नव्हे काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि सहशालेय उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भूमिका घेतली. ती भिंत कागदावर पडली तरी वेळापत्रकात उभीच आहे.

शाळेची जबाबदारी सांगताना शिक्षकाची सुटत नाही. त्याची खरी कसोटी १४ ऑगस्टला लागते. पथकातला सर्वांत कुशल वादक आठवडाभर फिरकलेला नसतो आणि आदल्या दिवशी हसत येऊन उभा राहतो. त्याला घेतले तर वादन सुधारते. पण उन्हात रोज उभ्या राहिलेल्या सामान्य मुलांना त्याच क्षणी कळते की येथे नियमिततेला किंमत नाही. त्याला बाहेर ठेवले तर वादन थोडे उणे होईल, पण पुढचे वर्ष सावरेल. शिक्षकाने हे उणेपण पत्करावे आणि व्यवस्थापनाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. मात्र हा नियम जूनमध्येच, पालकांसमोर स्पष्ट सांगितलेला असावा. ऐनवेळी काढलेला नियम शिस्त निर्माण करीत नाही, तो फक्त राग निर्माण करतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. आठवड्यातील दोन तास बँडसाठी राखून ठेवावेत आणि ते कोणत्याही कारणाने काढून घेऊ नयेत. नववीच्या प्रत्येक वादकाकडे आठवीचा एक शिकाऊ सोपवावा. ज्याच्यावर दुसऱ्याला शिकवण्याचा भार असतो, तो सहसा दांडी मारत नाही. वर्षाला एक निश्चित ध्येय समोर असावे. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीत झालेल्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुला-मुलींचे ब्रास बँड आणि पाइप बँड उतरले होते. तेथवर जाणे सर्वांना जमेल असे नाही, पण तशी स्पर्धा आहे हे मुलांना माहीत तरी असावे. आणि आपण काय वाजवतो, हेही त्यांना सांगावे. 'कदम कदम बढ़ाये जा' ही चाल आझाद हिंद सेनेसाठी कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी बांधली, हे कळले की तीच धून वाजवताना मान आपोआप ताठ होते.

मुले निष्ठा विसरलेली नाहीत. जेथे ती पूर्ण मागितली जाते, तेथे ती पूर्ण देतात. शाळेने दोन दिवसांचा बँड मागितला, तर तिला दोन दिवसांचीच निष्ठा मिळेल.