आधी ट्रॅक, की आधी रस्ता?

हेलन ओबिरी आणि ललिता बाबर, दोघींचं जन्मसाल एकच : १९८९. हेलन केनियाच्या किसी भागातली, ललिता आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोघी रिओत होत्या. हेलननं ५००० मीटरचं रौप्य घेतलं. ललिता ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आपल्याकडे कौतुक झालं ते ललिताचं, आणि ते रास्तच होतं. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय धावपटू ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती तिथं गेली होती.

या दोघींच्या कारकिर्दी शेजारी मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांचा क्रम अगदी उलटा आहे.

हेलनला केनियाच्या सैन्यदलात नोकरी मिळाली आणि तिनं सुरुवात केली ती कमी अंतरापासून. २०१३ ला १५०० मीटरमध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य, मग ५००० मीटरची विश्वविजेती २०१७ ला आणि पुन्हा २०१९ ला. टोकियो ऑलिंपिकमध्येही रौप्य. मध्ये एक बाळंतपणही झालं होतं. मॅरेथॉन ती पहिल्यांदा धावली नोव्हेंबर २०२२ मध्ये, न्यूयॉर्कला, तेहतिशीच्या उंबरठ्यावर. सहावी आली. पुढच्या एप्रिलमध्ये बोस्टन जिंकली, त्याच वर्षी न्यूयॉर्क, २०२४ ला पुन्हा बोस्टन, पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. आणि २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये २ तास १९ मिनिटं ५१ सेकंद, तिथला २२ वर्षांचा स्पर्धाविक्रम मोडून. ५००० मीटरला ती किलोमीटरमागे २ मिनिटं ५२ सेकंदांच्या वेगानं धावलेली आहे. न्यूयॉर्कचा तो विक्रम ३ मिनिटं १९ सेकंदांच्या वेगाचा. म्हणजे हाताशी २७ सेकंद शिल्लक. मॅरेथॉनमध्ये ती याच शिलकीवर धावते.

ललितानं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला तो २०१२, २०१३ आणि २०१४ असा लागोपाठ तीन वेळा. तेव्हा ती बावीस ते चोवीस वर्षांची होती. ट्रॅकवर नाव झालं ते त्यानंतर. २०१४ च्याच इंचिऑन आशियाईत कांस्य, २०१५ ला वुहानमध्ये आशियाई विजेतेपद, मग रिओ. हेलनच्या कारकिर्दीत मॅरेथॉन शेवटी आली, ललिताच्या कारकिर्दीत ती आधी आली. रिओनंतर ती राज्य शासनाच्या महसूल सेवेत गेली. रिओपर्यंत हेलन एकदाही ५००० ची विश्वविजेती झालेली नव्हती.

आपल्या मुली रस्त्यावर लवकर का उतरतात, याचं उत्तर मला इथं मराठवाड्यात, माझ्या उस्मानपुऱ्यात बसून पुस्तकं न उघडता मिळालं. पहाटे संत एकनाथ रंगमंदिराच्या बाजूनं फिरायला निघालं की मुलींची एखादी टोळी भेटते. बहुतेक जणी बाहेरगावच्या, खोली करून राहणाऱ्या, पोलीस भरतीच्या. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यातल्या एकीला विचारलं, एवढी चांगली धावतेस, १५०० च्या स्पर्धा का करत नाहीस? ती म्हणाली, "काका, पंधराशेला प्रमाणपत्र मिळतं. दहा किलोमीटरला पाकीट मिळतं." पुढच्या रविवारी ती कुठल्याशा शहरातल्या दहा किलोमीटरला निघाली होती. खोलीभाडं थकलेलं असताना तिला शास्त्र सांगायला माझी जीभ रेटली नाही. आयोजकांना मात्र सांगितलंच पाहिजे. टी-शर्ट, पदकं, ढोलताशा यांवर पैसा उधळणाऱ्या आपल्या शहरांतल्या मॅरेथॉनवाल्यांनी आदल्या संध्याकाळी मुलींची ३००० मीटरची एक शर्यत ट्रॅकवर घेतली आणि बक्षीस दहा किलोमीटरइतकंच ठेवलं, तर त्या मुलीचा रविवार वेगळा ठरेल.

केनिया म्हणजे स्वर्ग, असं कोणी समजू नये. बाईच्या पायांवर घर चालू लागलं की त्या कमाईला हक्कदार फुटतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये धावपटू ॲग्नेस टिरोप इटेनमधल्या तिच्या घरात मृतावस्थेत सापडली, वय २५. खुनाचा आरोप नवऱ्यावर ठेवला गेला. त्याआधी महिनाभरच तिनं फक्त महिलांच्या दहा किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. उत्तेजकांची कीड आहे ती वेगळीच. रिओची मॅरेथॉन विजेती जेमिमा सुमगाँग बंदीत गेली. २०२४ ला शिकागोत २ तास १० मिनिटांच्या आत धावणारी पहिली महिला ठरलेल्या रूथ चेपनगेटिचवरही साधारण वर्षभरानं तीन वर्षांची बंदी आली. त्यांचं सगळंच घ्या, असं माझं म्हणणं नाही. क्रम तेवढा घ्या.

आणि क्रमाचा हिशेब मराठवाड्याच्या एका मुलीनं आधीच चुकता केला आहे. परभणीची ज्योती गवते २०१७ ला मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिली आली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. त्याच शर्यतीत केनियाची बोर्नेस कितुर २ तास २९ मिनिटांत पोचून एकूण विजेती ठरली होती. ज्योतीनं मॅरेथॉन सोडली नाही. २०१९ ला पाच मिनिटं कमी करून २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंदांवर आली. एवढी सुधारणा करूनही दुसरी. कारण पहिल्या आलेल्या सुधा सिंगनं २ तास ३४ मिनिटं ५६ सेकंद अशी वेळ दिली होती. सुधा रायबरेलीची, स्टीपलचेसमध्ये २०१० ची आशियाई सुवर्णविजेती. ट्रॅकवरची बरीच वर्षं पदरात पडल्यावरच ती मॅरेथॉनकडे वळली होती.