कंपनीत होते, पण कोणत्या खात्यात?

गेल्या महिन्यात फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन एक वहिनी शाखेत आल्या. यजमान रक्ताच्या विकाराने गेले. रोगाचे लांबलचक नाव त्यांना पाठ होते. मी सहज विचारले, साहेब कोणत्या खात्यात होते? "कंपनीत होते," एवढेच त्या म्हणाल्या. तीस वर्षे नोकरी. पण कोणत्या प्लांटवर, कशाच्या वाफेत, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. ते कंपनीमुळेच गेले असे माझे म्हणणे नाही. ते ठरवायला लागणारी माहितीच घरात नव्हती, एवढेच.

बडोद्यातील आपल्या किती घरांत हेच उत्तर मिळेल? कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली आणि गायकवाडी नोकऱ्यांवर वाढलेल्या घरांतली पुढची पिढी कारखान्यांकडे वळली. म्हणून अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातली एक चौकशी आपण समजून घ्यावी असे वाटते.

त्या राज्याच्या पूर्वेकडील कोळसा खाणींच्या तीन जिल्ह्यांत पॉलिसायथेमिया व्हेरा या दुर्मिळ विकाराचे रुग्ण जास्त दिसू लागले. यात अस्थिमज्जा तांबड्या पेशी बेसुमार तयार करते, रक्त दाट होते, गुठळी होऊन पक्षाघात वा हृदयविकाराचा धोका वाढतो. अधूनमधून रक्त काढून टाकणे हा त्यावरचा एक उपचार. सरकारी तपासनीसांनी २००१ ते २००५ च्या कर्करोग नोंदवहीतले रुग्ण शोधले. जे स्वतःहून पुढे आले किंवा डॉक्टरांनी पाठवले तेही घेतले. सुदैवाने या रोगाची जेएके-२ ही जनुकीय खूण २००५ मध्येच सापडली होती. त्या कसोटीवर ६२ जणांपैकी ५३ टक्क्यांनाच हा रोग निघाला. आमच्या भाषेत सांगायचे तर खातेवही आणि रोकड जुळेना! पण खऱ्या रुग्णांचा हिशेब नव्याने मांडल्यावर एका पट्ट्यात रोगाचे प्रमाण उरलेल्या भागाच्या ४.३ पट भरले. त्याच पट्ट्यात टाकाऊ कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आणि विषारी कचऱ्याच्या सरकारने घोषित केलेल्या जागा होत्या.

कारण मात्र सिद्ध झाले नाही. दहा-वीस वर्षांपूर्वी कोण कुठे राहिले, कोणते पाणी प्याले, काय हाताळले, हे मागाहून उभे करणे फार कठीण. तरीही २००९ मध्ये अहवाल छापून आला आणि तिथल्या लोकांच्या हाती निदान एक आकडा आला. आपल्या हाती तोही नाही.

धंद्यातले कारण त्या मानाने लवकर सापडते, कारण कामगार मोजता येतात. इस्तंबूलच्या डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये दाखवले की बेंझीनयुक्त गोंद वापरणाऱ्या सुमारे २८,५०० चर्मकारांत २६ जणांना रक्ताचा कर्करोग झाला होता. हेच बेंझीन पेट्रोलातही असते.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात बेंझीनची विषबाधा कळवण्याच्या रोगांच्या यादीत होती आणि असा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवावे असे बंधन होते. २०२० च्या संहितेतही अशी यादी आहे. तेव्हा मते मागायला जो कुणी आपल्या पोळात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारा: गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यातून अशा किती सूचना गेल्या? उत्तर लेखी मागा. तोंडी आश्वासनावर आम्ही बँकेत कर्ज देत नाही.

मंडळाची सभासद-यादी यंदा नव्याने होते आहे. त्यात दोन रकाने वाढवावेत असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे: कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे, आणि पाणी बोअरचे की नळाचे. घरातले आजोबा-काका अजून सांगू शकतात, तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या.