सात वर्षांची पायलट आणि ४४ किलो

सात वर्षांची मुलगी विमान उडवत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार! एप्रिल १९९६ मध्ये तिथल्या टीव्हीवर ही बातमी गाजत होती. मुलीचं नाव जेसिका डुब्रॉफ. बाहेरचं दिसावं म्हणून सीटवर उशी आणि पाय पोहोचावेत म्हणून पेडलना जोड. सोबत बाबा आणि प्रशिक्षक. लायसन्स अर्थातच प्रशिक्षकांकडे. आज असती तर तिची रील तुम्ही-आम्ही सगळ्यांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केली असती, हो ना?

पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या हाफ मून बेहून निघून ते वायोमिंगमधल्या शायेनला मुक्कामी पोहोचले. रॉकी पर्वताच्या पूर्वेला, उंच पठारावर हे शहर आहे. इथला विमानतळ ६,१५६ फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाई शिखरापेक्षाही साधारण साडेसातशे फूट उंच!

उंचावर हवा विरळ असते. ट्रेकला आपल्याला धाप लागते ना, तसंच छोट्या विमानाचंही होतं. इंजिनाची ताकद घटते, पुढचा पंखा कमी ओढतो आणि पंखांना उचलही कमी मिळते. समुद्रकाठी झटकन वर चढणारं तेच विमान इथे जास्त धावपट्टी घेतं आणि रेंगाळत चढतं. त्यात वजन जास्त असेल तर विचारूच नका.

११ एप्रिलच्या सकाळी शायेनवर वादळ येत होतं. पाऊस सुरू झालेला, वाऱ्याचे झोत. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या एका पायलटने हवा धोकादायक असल्याचं कळवलं होतं, आणि टॉवरने ते यांनाही सांगितलं. चार सीटच्या त्या सेसनात मर्यादेपेक्षा सुमारे ४४ किलो वजन जास्त होतं. दोन गच्च भरलेल्या मोठ्या सुटकेस म्हणा. तरी ८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास ते उडाले. वादळापासून दूर जायला विमान उजवीकडे वळलं, वेग कमी पडला, पंखांची उचल तुटली आणि विमान जवळच्या वस्तीतल्या रस्त्यावर कोसळलं. तिघंही गेले.

त्या वेळी विमान जेसिका नव्हे, प्रशिक्षक चालवत होते, असं चौकशीत निघालं. मग अनुभवी माणूस अशा हवेत निघालाच का? अहवालात उत्तर आहे: अतिघाईचं वेळापत्रक, आणि त्यामागे काही प्रमाणात मीडियाला दिलेले शब्द. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. वादळ पुढे सरकेपर्यंत थांबायचं होतं, बस्स. आणि गंमत नव्हे, दुर्दैव बघा, सर्वात लहान पायलटचा विक्रम नोंदवणं गिनीजने आधीच बंद केलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला: लायसन्स नसलेल्या मुलांना विक्रमासाठी विमान चालवू द्यायचं नाही.

तुम्ही यंदा केदारनाथचं हेलिकॉप्टर किंवा नेपाळमधल्या लुक्लाचं छोटं विमान बुक करत असाल, तर वजनकाट्यावर उभं राहायला सांगितल्यावर आजी-आजोबांनाही हे कारण सांगा. जास्तीची बॅग खाली हॉटेलात ठेवा. आणि परतीच्या ट्रेनचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. डोंगरात हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं, तेव्हा पायलटच्या मागे कुणी घाई लावायला नको.