संमेलनाचा हिशेब वर्षभराने मांडा

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. साहित्य संमेलन संपलं की गर्दीच्या आणि पुस्तकविक्रीच्या बातम्या येतात. मला मात्र एकच जाणून घ्यायचं असतं: यजमान गावातल्या वाचनालयाचे वर्गणीदार वर्षभराने वाढले का?

असा हिशेब मांडता येतो. 2008 मध्ये इंग्लंडमधलं लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. तिथल्या दोन विद्यापीठांनी 2005 पासूनच पाहणी सुरू केली आणि 2010 मध्ये अंतिम अहवाल दिला. सांस्कृतिक राजधानीच्या उपक्रमामुळे 97 लाख जादा भेटी आणि सुमारे 75 कोटी पौंडांची उलाढाल झाली, हे त्यांनी मोजलंच. शिवाय वेगवेगळ्या वस्त्यांतल्या रहिवाशांना काय वाटलं, स्थानिक कलाक्षेत्राला काय मिळालं, हेही तपासलं. आधीची स्थिती नोंदवलेली होती, म्हणूनच नंतरचा बदल सांगता आला.

आपल्याकडे अंमळनेरला 1952 नंतर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आलं ते थेट 2024 मध्ये. इतक्या दुर्मीळ संधीतून गावाला काय लाभलं, हे केवळ आठवणींवर सोडणं योग्य नाही. संमेलनाला सरकारी निधी मिळतो. तो जनतेचा पैसा आहे.

म्हणून स्थळ जाहीर होताच जवळच्या विद्यापीठाकडे पाहणी सोपवावी. वाचनालयांचे सभासद, शाळांतली पुस्तकांची देवघेव, दुकानांतली विक्री, स्थानिक नाट्यसंस्थांचे प्रयोग यांची नोंद आधी घ्यावी. मग एक वर्षाने आणि तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी. निधीतला छोटा वाटा त्यासाठी राखावा. साहित्य महामंडळाने आणि शासनाने पुढच्या संमेलनापासूनच ही सुरुवात करावी.