सातबारा कुणाचा, राखण कुणाची?



गेल्या चैत्रात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. विषय कर्जफेडीचा होता. पण दोनच दिवसांपूर्वी वाडीत दुसरी एक बैठक होऊन गेली होती आणि बायकांच्या डोक्यात तीच होती. रान राखण्याचं काम करणारी एक संस्था आली होती. वाडीच्या वरच्या अंगाला वीस-बावीस एकरांचं सामायिक रान आहे. ते दहा वर्षं तोडायचं नाही, जाळायचं नाही, आणि त्याबद्दल जमीनमालकांना दरवर्षी ठरावीक रक्कम मिळायची, असा करार. बैठकीला चाकरमानी मुंबईहून खास आले होते. सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यात पाच बायका: तीन म्हाताऱ्या विधवा आणि दोन माहेरवाशिणी, लग्न होऊन कधीच दूर गेलेल्या. त्या रानातून रोज मोळी आणणाऱ्या चौदा जणींपैकी एकीचंही नाव त्यावर नाही.

"आमाला कोनी इचारलं न्हाय," एक जण म्हणाली. "बंदी आमच्यावर आन पैसं त्यांच्या खात्यात. मग सांजच्याला चूल कशावर पेटवू, ताई?"

संस्थेचा हेतू वाईट नाही, हे आधीच सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच. जे काही रान उरलंय ते बहुतेक खाजगी मालकीचं. पैशाची नड आली की उभी झाडं ठेकेदाराला विकली जातात आणि करवत फिरते. कोकणचं रान मात्र चिवट. तोडलेल्या ऐन-किंजळाच्या खुंटाला फुटवे येतात. वणवा आणि कुऱ्हाड लांब ठेवली तर रोप न लावताही काही वर्षांत सावली धरते. तेव्हा मालकाला तोडीऐवजी राखणीचे पैसे द्यावेत, ही कल्पना मला पटते. कोस्टारिकासारख्या छोट्या देशाने १९९६ च्या वनकायद्याने हेच धोरण देशभर नेलं. आपल्याकडेही ते यावं.

पण राखतं कोण? वाडीतले कर्ते पुरुष मुंबईत. फाल्गुनात वणवा लागला की हिरव्या फांद्यांनी तो झोडपून विझवणाऱ्या बायकाच असतात. कुठे नवं झाड धरलंय, कुठल्या वाटेने शेजारच्या गावची गुरं शिरतात, हे त्यांना माहीत. करारातली 'राखण' म्हणजे प्रत्यक्षात त्यांचं काम. आणि करारातला 'त्याग' हाही त्यांचाच, कारण मोळी, कवळ, पातेरा, गुरांचा चारा हे सगळं त्याच रानातून येतं. गॅसचं सिलिंडर घरात आहे, पण ते पुन्हा भरून आणायला रोकड लागते. रान बंद झालं की मोळीसाठीची चाल तासा-दीड तासाने वाढणार. हा हिशेब कुठल्याही करारपत्रात लिहिलेला नसतो.

याच वाडीत मी अनुदानाचा दुसरा एक हिशेबही पाहिला. १९९० मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस उतारांवर आंबा-काजू चढला. २०१८ ची भाऊसाहेब फुंडकर योजना त्याच वाटेवरची. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी ठरलं. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली असली पाहिजेत. अट चांगली आहे. पण झाडं जगवली कुणी? मघाची बाई दोन उन्हाळे दिराच्या कलमांना हंड्याने पाणी घालत होती. हप्ते दिराच्या खात्यात आले. "घरातलंच काम" म्हणून तिला एक दिवसाची मजुरीही नाही. (आणि त्या कलमांसाठी आधी काय साफ केलं? रानच. लावलेलं रोप मोजता येतं, राखलेलं रान मोजायला कुणी येत नाही, म्हणून अनुदान रोपाला.)

याउलट मनरेगातून २०१८ नंतर शेतकऱ्यांच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर झाडं लावली गेली, तेव्हा जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी हजेरीपटावर बाईचं नाव येऊ शकत होतं आणि मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात. फरक एवढाच, पण केवढा! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्या राबवणुकीत झाडं जगवण्याची, वणवा रोखण्याची मजुरी हजेरीपटावर राहते की मालकाच्या अनुदानात विरघळते, याकडे आपल्याला डोळे लावून बसावं लागणार आहे.

कुणी म्हणेल, मूळ दुखणं जमिनीच्या मालकीचं आहे, तेच बरं करा. खरंच आहे. बीना अगरवाल यांनी बाईच्या स्वतःच्या जमिनीचा प्रश्न १९९४ मध्ये पुस्तकभर मांडला. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. त्याआधी १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्तीमुळे नवऱ्याला बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली होती. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनी कसणाऱ्या खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के. आणि मी पाहते ते असं, की वरकसाला किंमत नसते तोवर बहिणींची नावं सातबाऱ्यावर निवांत पडून असतात. अनुदान किंवा करार आला की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन साडी-चोळीसकट दारात. म्हणजे रान राखायला आलेला पैसा उरलासुरला हक्कही पुसून टाकायचा.

मालकी बदलायला पिढ्या लागत असतील, पण करारनाम्याचा नमुना बदलायला एक बैठक पुरते. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये नवरा-बायको दोघांच्या नावाने हक्कपत्र देण्याचं बंधन घातलंच ना? मग खाजगी रानाच्या करारावर मालकाबरोबर तिथे राबणाऱ्या बाईची सही का नसावी? रकमेचे दोन भाग करावेत: जमिनीचा मालकाला, राखणीचा राखणाऱ्यांच्या गटाला. रान बंद करण्याआधी सरपणासाठी कुठला तुकडा उघडा राहील ते बायकांनी ठरवावं. सुकी लाकडं वेचणं आणि उभं झाड तोडणं यातला फरक त्यांना सांगावा लागत नाही. आणि करार चालू असताना कुणा बहिणीचं हक्कसोडपत्र झालं, तर तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. ही शेवटची अट आमच्याच गटातल्या काहींना जाचक वाटते. मला वाटत नाही.

वाडीतल्या चौदा जणींनी त्या दुपारी अर्ज लिहून घेतला. तीन जणींनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा. संस्थेने अर्ज ठेवून घेतला आणि मालकांची संमती आणा म्हणून सांगितलं. एकतिसांपैकी नऊ जणांनी आतापर्यंत होकार दिलाय, त्यात त्या तिन्ही म्हाताऱ्या आहेत. दिराने अजून दिलेला नाही. बाकीचे गणपतीला गावी येतील, तेव्हा देवळात पुन्हा बसायचं ठरलंय. या वेळी बायका पुढे बसणार आहेत.